पंचशीलाताईंची लंबगोल वाट

पेढा परत करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि मी काही पेढ्यांपासून लांब राहिलेला मनुष्य नव्हे. आमचं पूर्णा, गंगाखेड, पार वालूरपर्यंत माझा माइक फिरतो. साखरपुडे, नामकरणं, निवृत्तीचे निरोप, दुकानांची उद्घाटनं, सगळीकडे 'आता मी विनंती करतो की' म्हणणारा तो मीच. पोटासाठी शाळेत इतिहास शिकवतो, पण गावाला ते आठवत नाही. पेढा समोर आला की माणूस आधी तोंड उघडतो आणि मग 'कशाचा?' म्हणून विचारतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर पैज लावायला तयार होतो. बरं झालं लावली नाही.

त्या दिवशी सकाळी दक्षिणेच्या किनाऱ्यावरून रॉकेट उडालं. टीव्हीवर शास्त्रज्ञ एकमेकांना मिठ्या मारायला लागले आणि आमच्या गल्लीत फटाक्यांची माळ लागली. रॉकेटच्या डोक्यावर बसून गेलेला दळणवळणाचा उपग्रह आमचा होता ना! देशाचा होताच, पण देशाच्या आधी आमच्या गल्लीचा. त्याला आभाळात कुठल्या वाटेनं न्यायचं, याचं गणित ज्यांनी मांडलं त्या पंचशीला खिल्लारे माझ्या घरासमोर राहायच्या. निवृत्त होऊन दोनेक वर्षं झाली होती, पण त्यांनी आखलेली वाट घेऊनच तो निघाला होता. मी बॉक्स उघडा धरून त्यांच्या दारात उभा राहिलो. ताई ओसरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी पेढ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एका बोटानं बॉक्सचं झाकण लावून टाकलं.

"कशाचा पेढा?"

"ताई, गेला की उपग्रह."

"गेला न्हाई, माइकवाले. सुटलाय. सुटणं येगळं, पोचणं येगळं."

मागून त्यांच्या आईनं, आमच्या कौसामायनं, हात पुढे केला. "हिला नको आसंल तर मला दे लेकरा. ते पोचंस्तोर मी ऱ्हाते का न्हाई कुणाला म्हाईत."

मायनं दोन खाल्ले. ताईंनी शेंगा फोडल्या.

ताईंचे वडील पूर्णेच्या रेल्वे यार्डात शंटिंगला होते, म्हणजे डबे या रुळावरून त्या रुळावर लावण्याच्या कामाला. ताईंचं बालपण यार्डाच्या कुंपणाला नाक लावून गेलं. इंजीन डब्याला ढकलायचं, मध्येच जोड सुटायचा, इंजीन थांबायचं आणि डबा एकटाच आपला घरंगळत दूरच्या रुळावर जाऊन उभा राहायचा. ती पोर तिथून शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाली, बंगळूरला गेली आणि सगळी नोकरी उपग्रहांच्या वाटा आखण्यात घालवून परत आली. परत येण्याचं कारण कौसामाय. मायला एकदा बंगळूरला नेलं होतं. महिनाभरात ती परतली. म्हणाली, तिथं शेजारी कुणी भांडतच न्हाई, करमावं कसं.

ताई ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. फोनवर त्यांचं इंग्रजी दक्षिणेकडच्या वळणानं चालायचं, आणि तोच फोन खाली ठेवला की दुधवाल्याला विचारायच्या, "काय रे, आज दुधात नदी कोणती घातलीस?" या दोन भाषांच्या मध्ये त्या श्वासही घ्यायच्या नाहीत.

त्यांच्या खोडीही जगावेगळ्या. कुणी प्रवासाला निघालं आणि 'निघालो' म्हणून फोन केला तर त्या बोलायच्याच नाहीत. निघाल्याचा फोन करू नका, पोचल्याचा करा, हा गल्लीला घालून दिलेला दंडक. लग्नात त्या जेवायच्या, नवरा-नवरीची थट्टा करायच्या, पण आहेर द्यायच्या नाहीत. आहेर वर्षानं द्यायच्या, घरी जाऊन, दोघांना समोर बसवून. "आधी बघू तर द्या, वाटंला लागलेत का." गल्लीतल्या एका जोडप्याला तो आहेर अजून मिळालेला नाही. ते दोघं कोण हे सांगायचा मला लय मोह होतोय, पण माझं घर त्याच गल्लीत आहे.

मला रॉकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माझी समजूत गावासारखीच: रॉकेट म्हणजे बस, उपग्रह म्हणजे प्रवासी, वर नेऊन उतरवला की काम संपलं. ती समजूत ताईंनी उड्डाणाच्या आदल्या वर्षीच्या नागपंचमीला मोडली होती, आणि मोडली ती झोक्यावर उभं राहून.

पंचमीला आमच्या गल्लीतल्या कडुलिंबाला झोका बांधतात. सगळ्या बाया-पोरी जमल्या होत्या. शेजारची नवी सून रेखा झोक्यावरून उतरली आणि साठी ओलांडलेल्या पंचशीलाताईंनी पदर खोचला. बुटांसकट त्या फळीवर उभ्या राहिल्या. कौसामाय ओसरीवरून ओरडली की हाडं मोडली तर मी वेचणार न्हाई. ताईंनी दोन-तीन हेलकावे घेतले, झोका चांगला वर गेला आणि वरूनच त्यांचा तास सुरू झाला.

"रेखा, खाली झोका कसा जातोय?"

"सुसाट, ताई."

"आन् वर?"

"वर थांबल्यावानी होतंय. पोटात गोळा येतो."

"हां. त्या गोळ्याच्या जागेवरच माझं सगळं काम."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्या झोक्यावरून बोलत होत्या आणि अर्धे शब्द लिंबात अडकत होते. रॉकेट पाव-अर्ध्या तासात संपतं. ते उपग्रहाला फक्त फेकतं, आणि फेकतं ते गोल वाटेवर नव्हे, अंड्यासारख्या लांबट वाटेवर. या वाटेचं एक टोक पृथ्वीला जवळजवळ घासून जातं आणि दुसरं टोक छत्तीस हजार किलोमीटर लांब. जवळच्या टोकाशी उपग्रह सुसाट पळतो. चढताना मंद मंद होत जातो. पार वरच्या टोकाला तो असा रेंगाळतो की जणू विचारात पडलाय, खाली जावं की न जावं. आणि मग पुन्हा खाली. त्याला कायमचं वर ठेवायचं असेल तर त्या रेंगाळण्याच्या वेळीच त्याच्या अंगावरचं इंजीन पेटवून धक्का द्यावा लागतो.

"झोका अर्धाच खरा हाय बरं का," ताई उतरता उतरता म्हणाल्या. "झोक्याला वर धक्का दिला की तीच बाजू अजून वर जाती. उपग्रहाचं उलटं हाय. वरच्या टोकाला धक्का दिला की उचलली जाती ती दुसरी बाजू, पार पृथ्वीच्या पलीकडची. इथं ढकलायचं आन् तिथं उचलायचं. असे धक्के देत गेलं की अंड्याचा गोल व्हतो."

बाया पांगल्या, झोक्यावर दुसरी चढली. मी मात्र तिथंच उभा राहिलो. पृथ्वीच्या एका बाजूला, छत्तीस हजार किलोमीटरवर, हलकासा धक्का. आणि त्यानं पृथ्वीच्या पलीकडची वाट उचलली जाते. ही बाई हे रोजचं काम म्हणून सांगते, आणि सांगून झाल्यावर साडीची धूळ झटकते. मी इतिहासाचा माणूस, किल्ले-तोफांच्या गोष्टींवर पोसलेला. पण इतकी भव्य गोष्ट मी कुठल्या बखरीत वाचली नव्हती. तरीही उड्डाणाच्या सकाळी फटाके वाजले आणि सगळं विसरून मी पेढे घेऊन धावलोच.

यात एक अडचण होती, आणि तिचीही त्यांनी आधीच तजवीज करून ठेवली होती. उपग्रहाच्या अंगावर धक्का देणारं मोठं इंजीन एकच. ते रुसलं तर? तोंड इकडंतिकडं वळवायला त्याला बारकी बारकी इंजिनं असतात, मोठ्याच्या मानानं नुसती फुंकर. ताईंनी नोकरीत असतानाच गणित मांडलं होतं की मोठं बंद पडलं तर या फुंकरांनीही, आठवडेच्या आठवडे, वरच्या टोकाला थोडं थोडं ढकलत अंड्याचा गोल करता येईल. ऑफिसात लोक हसले. त्या योजनेचं नाव पडलं 'खिल्लारेंची बैलगाडी'. ताईंनी ते नाव खुशीत मान्य केलं. म्हणाल्या, बैलगाडीला लाज कशाची, ती पोचती.

आता सत्कार. पेढा परत आला तरी गाव ऐकतंय होय? उड्डाणानंतरच्या रविवारी नगरपालिकेच्या सभागृहात दुपारचा कार्यक्रम ठरला. ताई नको म्हणत होत्या. कौसामायनं निकाल दिला, "लोकं एवढं म्हणायलेत तर बस की जाऊन घडीभर. मलाबी नवी साडी नेसायचीय." पहिला धक्का दोन दिवसांपूर्वी नीट बसला होता आणि दुसरा त्याच दुपारी द्यायचा होता, म्हणून ताईंचं लक्ष कार्यक्रमात नव्हतंच. फोन मांडीवर उलटा ठेवून त्या व्यासपीठावर बसल्या होत्या.

सभागृह गच्च. रेल्वेचे गार्ड, ड्रायव्हर, शिक्षक, वस्तीतली सगळी मंडळी, शाळांच्या मुली. प्रतिमेला हार घातला, स्वागतगीत झालं, शाल झाली, पुस्तक झालं, फेटा झाला. फेट्यात ताई चिडलेल्या सरदारासारख्या दिसत होत्या. प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात उपग्रह आभाळात स्थिर करून टाकला. पूर्णेची लेक म्हणाले, जगाच्या नकाशावर म्हणाले, टाळ्या घेतल्या. मी बाजूला माइक धरून उभा होतो, त्यामुळे मला दिसलं की ताईंच्या मांडीवरचा फोन थरथरला. त्यांनी तो सुलटा केला, वाचला. चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त फेटा काढून त्यांनी तो मांडीवर ठेवला.

पाहुण्यांचं भाषण संपलं. सत्काराला उत्तर द्यायला ताई माझ्या हातातला माइक घेऊन उभ्या राहिल्या. खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"तुमी ज्याच्यासाठी ही शाल दिलीत ते झालंच न्हाई," त्या म्हणाल्या. "आत्ता निरोप आला. मोठं इंजीन पेटलं आन् मधीच बंद पडलं. उपग्रह अंड्यासारख्या वाटेवर अडकलाय. दर फेरीला वाईट किरणांच्या पट्ट्यातून जायलाय, त्याचे उन्हावर वीज करणारे पंख झिजायलेत. असाच राहिला तर वाया गेला. म्हणून शाल तुमच्याकडं ठेवा."

पाहुणे आपल्या हातांकडे पाहत बसले, जणू टाळ्या त्या हातांनी चुकून वाजवल्या होत्या. सूत्रसंचालकाला शब्द न सुचण्याचा हा माझ्या आयुष्यातला पहिला प्रसंग. तो प्रश्न पहिल्या रांगेतून कौसामायनं सोडवला.

"मंग हितं काय थांबलीस? जा की तिकडं."

ताई उतरल्या आणि व्यासपीठामागच्या खोलीत गेल्या, जिथं मोडक्या खुर्च्या आणि सतरंज्या ठेवलेल्या असतात. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेलो आणि दारातच थबकलो. फोन चालू होता. कर्नाटकातल्या नियंत्रण केंद्रातले प्रमुख बोलत होते, जे एकेकाळी ताईंच्या हाताखाली शिकले होते. इंग्रजी-हिंदीची सरमिसळ होती, पण मला समजेल एवढी. तिकडच्यांना मोठं इंजीन पुन्हा पेटवून बघायचं होतं. ताई म्हणत होत्या, त्याला हात लावू नका. आत झडप अडकली असेल तर स्फोट होईल आणि मग बैलगाडीसुद्धा उरणार नाही. पलीकडून उत्तर आलं की बारक्या इंजिनांनी वर न्यायचं तर इंधन फार जाईल आणि उपग्रहाचं आयुष्य कितीतरी वर्षांनी घटेल.

"कम जियेगा," ताई म्हणाल्या. "लेकिन जियेगा."

मग प्रमुखांनी अदबीनंच आठवण करून दिली की मॅडम आता निवृत्त आहेत आणि जबाबदारी केंद्राची आहे. ताई एका मोडक्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या फोन ठेवतील. त्या हळू आवाजात म्हणाल्या की जबाबदारी तुमचीच आहे, निर्णयही तुमचाच. फक्त ही वाट माझी आहे, तिच्यावर काय चालतं आणि काय मोडतं ते मला विचारून घ्या. आणि मग खरंच फोन ठेवला.

बाहेर आलो तर सभागृहातून एकही माणूस उठला नव्हता. भजी निवत होती. ताईंनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आता त्यांचं त्यांना ठरवू द्या, तुमी खाऊन घ्या.

केंद्रानं दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपली.

त्यानंतरचे आठवडे मी विसरणार नाही. फटाके उडवून घरी जाणारं आमचं गाव वाट बघायला शिकलं. स्टेशनसमोर सत्तारभाईंची चहाची टपरी आहे. तिथं ड्यूटीवरून उतरलेले ड्रायव्हर बसतात. त्यांना हे प्रकरण सगळ्यांच्या आधी कळलं: धक्का द्यायचा, सोडायचं, डबा आपल्या वजनानं जाऊ द्यायचा, मग पुन्हा धक्का. सत्तारभाई फळीवर सांडलेल्या चहात बोट बुडवून अंडं काढायचे, आणि दर धक्क्याच्या बातमीनंतर ते अंडं थोडं जाड करायचे. "आज किधर तक आया?" असं गिऱ्हाईक विचारायचं, जसं दवाखान्यातल्या पेशंटबद्दल विचारतात. सत्तारभाई बोटानं दाखवायचे आणि मग फडक्यानं आभाळ पुसून चहा ठेवायचे.

केंद्रातून ताईंना दर एक-दोन दिवसांनी फोन यायचा. मीनाक्षी नावाची एक तरुण इंजिनिअर बोलायची. पुढचा धक्का किती वेळ, कुठल्या फेरीला, कुठलं बारकं इंजीन तापतंय. ताई डोळे मिटून ऐकायच्या. विचारलं तेवढंच सांगायच्या, न विचारलेलं गिळायच्या. ते गिळणं त्यांना किती जड जात होतं, हे मला समोरच्या घरातून दिसायचं.

आणि मला आणखी एक गंमत दिसायला लागली. ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली तेव्हा बायको म्हणाली, तुम्ही वाढवून सांगता. आईशप्पथ नाही वाढवत. उपग्रह वाटेवर जिथं असेल तशी ताईंची चाल व्हायची. तो खालून सुसाट जात असेल तेव्हा ताई अंगण झाडायच्या, दोन बादल्या धुणं काढायच्या, दुधवाल्याशी भांडायच्या, सगळं एका झपाट्यात. तो चढायला लागला की त्या हळू व्हायच्या. आणि वरच्या टोकाला पोचला की ओसरीच्या पायरीवर बसायच्या आणि बोलायच्याच नाहीत. कुणी आलं तर कौसामाय ओठांवर बोट ठेवायची. "थांब जरा. वर हाय ती."

अशाच एका दुपारी, बोलता येईल असं वाटलं तेव्हा मी विचारलं की ताई, तिथं असतं तरी काय? त्यांनी हात समोर लांब केला आणि अंगठा-करंगळी ताणून वीत धरली. म्हणाल्या, तिथून पृथ्वी एवढी दिसती. हात लांब करून वितीत मावंल एवढी. आवाज न्हाई, वारा न्हाई. तो जवळजवळ थांबलेला असतो. पळणाऱ्याला काय सांगावं, थांबल्यावरच त्याला काही सांगता येतं.

मी त्या वितीकडे बघत राहिलो. तीत पूर्णा होती, यार्ड होतं, गोदावरी होती, पाण्याचा टँकर आणि त्याच्यामागं घागरी घेऊन भांडणाऱ्या बाया होत्या, आणि मी आणि माझा माइक. समोर पायरीवर बसलेली ही ठेंगणी बाई त्या सगळ्याच्या बाहेर, दूर, लंबगोलाच्या टोकाशी उभी राहून बघत होती आणि तरीही तिच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते, त्यांना आमच्याच गल्लीचा चिखल लागलेला होता. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, कारण त्यांना पाया पडलेलं खपत नसे. तसं करणाऱ्याच्याच त्या चक्क वाकून परत पाया पडायच्या.

मध्ये एक दिवस वाईट गेला. बारक्या इंजिनांपैकी एक इतकं तापलं की ते बंदच ठेवावं लागलं, आणि उरलेल्यांनी ढकलताना उपग्रह डुलायला लागला. धक्का अर्ध्यावर थांबवला. आता इंधन पुरेल की नाही याचा नवा हिशेब तिकडं चालू होता आणि ताईंना कुणी काही विचारत नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी त्या रस्ता ओलांडून पहिल्यांदाच न बोलावता माझ्या घरी आल्या. खुर्चीत बसल्या. चष्मा काढून हातात धरला. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान मुलीसारखे दिसायचे.

"माइकवाले," त्या म्हणाल्या, "काहीबी बोला. पण बोलत ऱ्हावा."

मी बोललो. गंगाखेडच्या एका लग्नात नवरदेवाचं नाव चुकून सासऱ्याचं नाव म्हणून पुकारलं तेव्हा काय झालं ते सांगितलं. वालूरच्या उद्घाटनात पाहुण्यांच्या हातात कात्री दिली आणि फीतच सापडेना, ते सांगितलं. सगळे किस्से त्यांनी आधी ऐकलेले होते. त्या ऐकत नव्हत्याच, मलाही ते कळत होतं. माझा आवाज चालू होता आणि त्याच्या आडोशाला त्या मनातल्या मनात काहीतरी मांडत होत्या, मोडत होत्या. चहा निवला. मग मधेच, माझ्या ऐन रंगात आलेल्या वाक्यात, त्यांनी चष्मा लावला आणि उठल्या.

"दोनच इंजिनांनी ढकलायचं, पण समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या. डुलणार न्हाई. आठवडा जास्त लागंल."

"मग सांगा की त्यांना."

"विचारतील," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीनाक्षीचा फोन आला. तिनं स्वतःच सांगितलं की आमचा विचार समोरासमोरच्या दोन इंजिनांचा आहे, तुम्हाला काय वाटतं? ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, फार छान विचार आहे. फोन ठेवल्यावर मायला म्हणाल्या, "पोरगी शिकली गं." त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या, असं मायनं मला मुद्दाम येऊन सांगितलं.

सत्तारभाईंच्या फळीवरचं अंडं आता नारिंगासारखं गोल झालं होतं.

ताईंना जाऊन आता वर्ष होत आलंय. झोपेत गेल्या, कुणाला त्रास न देता. उपग्रह अजून काम करतोय. जिथं टॉवर पोचत नाही अशा डोंगरातल्या, बेटांवरच्या माणसांचे फोन त्याच्यावरून लागतात. त्याचं आयुष्य घटलं हे खरं, पण आहे तेवढं तो पुरेपूर जगतोय. ताईंनंतर लोकांनी फोटो मोठे करून लावले, त्यात एक फेट्यातलाही आहे. मला मात्र त्या दिसतात त्या शेवटच्या धक्क्याच्या दुपारी.

ऊन मरणाचं होतं. कुणी काही ठरवलं नव्हतं, तरी गल्ली बाहेर आली होती. कुणाच्या हातात माळ नव्हती, कुणी डफ आणला नव्हता. सत्तारभाई टपरी पोरावर टाकून आले होते. रेखा कडेवर बाळ घेऊन उभी होती. ताई ओसरीच्या पायरीवर, फोन बाजूला, डोळे मिटलेले. बराच वेळ तसा गेला. मग फोन वाजला. त्यांनी ऐकलं. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला.

कौसामायनं विचारलं, "पोचला का गं?"

"पोचला माय."

"मंग चल, जेवून घे आधी."

पण ताई जेवायला उठल्या नाहीत. त्या पायरी उतरून गल्लीत मधोमध आल्या, दक्षिणेकडे तोंड करून, आणि पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला, बरंच वर, हात उचलून बोट दाखवलं. तिथं निळं, रिकामं, तापलेलं आभाळ होतं. घारसुद्धा नव्हती. आम्ही सगळ्यांनी कपाळावर हात धरून बघायला सुरुवात केली. ड्रायव्हर, बाया, पोरं, सत्तारभाई, पन्नाशीचा मी.

रेखानं विचारलं, "दिसतंय का ताई?"

"न्हाई."

"मंग?"

"हाय."

कुणी मान खाली घेईना. डोळ्यांत पाणी यायला लागलं तरी गल्ली त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. माझी मान आधी दुखली, म्हणून मीच पहिल्यांदा नजर खाली आणली, आणि तेव्हा मला ताई दिसल्या. त्यांचा हात अजून वर होता, बोट अजून आभाळात रोवलेलं. पण त्या आभाळाकडे बघत नव्हत्या. त्या आमच्याकडे बघत होत्या.